पूर्ण दराचं गिऱ्हाईक

उल्का धारपला लष्कराच्या भाकऱ्या भाजायची भारी हौस. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत ती दिवसभर इतरांचे हिशेब तपासायची आणि संध्याकाळी बुकित तिमाहच्या कॉन्डोत परतली की शेजाऱ्यांचे संसार. कोणी गाडी घ्यायची म्हटलं, उल्काचा सल्ला हजर. कोणी मुलाला पियानोला घातलं, उल्काचं मत तयार. नवरा विश्वास म्हणायचा, "तुला कोणी विचारलं होतं का?" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "विचारेपर्यंत थांबलं तर उशीर होतो."

अशा बाईला कोणी सल्ला देईल हे शक्य नव्हतं. पण अफुआने दिला.

अफुआ त्यांच्याच इमारतीत दोन मजले खाली राहायची. मूळची घानामधल्या कुमासीची, नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात नर्स. एका रविवारी स्विमिंग पूलच्या काठावर उल्का आपल्या जाईचे केस विंचरत होती. विंचरत कसली, युद्ध चाललं होतं. जाई बारा वर्षांची, केस असे कुरळे की फणी आत शिरली की अडकलीच. पोरगी ओरडत होती, "Mummy, pain lah!" आणि आई दात-ओठ खाऊन ओढत होती.

"कोरडे केस विंचरतेस?" मागून आवाज आला. "तुझा काही राग आहे का तिच्यावर?"

अफुआने फणी हातातून काढूनच घेतली. केस भिजवले, हाताला काहीतरी तेलकट चोळलं, खालच्या टोकापासून गुंता सोडवत वर आली. जाई गप्प. दहा मिनिटांनी ती म्हणाली, "Auntie, can come again tomorrow?" उल्का आणि अफुआची मैत्री झाली ती तिथून, आणि पुढच्या दोन वर्षांत ती पक्की झाली. बोलणं अर्थातच इंग्रजीत चालायचं, आपण मराठीत ऐकू.

आता एक गोष्ट उल्काने अफुआला सांगितली नव्हती. जाईचे केस आकाशातून पडले नव्हते, ते आईचेच होते. पण पुण्यात पहिल्या नोकरीच्या मुलाखतीआधी कोणीतरी "जरा केस नीट करून या" म्हटलं होतं, आणि तेव्हापासून वीस वर्षं उल्का रोज पहाटे उठून गरम इस्त्रीने केस सरळ करत होती. सिंगापूरच्या दमट हवेत दुपारपर्यंत ते पुन्हा वळायला लागायचे, म्हणून एक छोटी इस्त्री ऑफिसच्या खणातही होती.

अफुआच्या केसांची कथा वेगळी होती. सिंगापुरातल्या सलूनमध्ये ती शिरली की मुली घाबरून एकमेकींकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "Cannot, lah, cannot." घाना, नायजेरिया, केनिया, अमेरिका, कुठून कुठून आलेल्या काळ्या बायका या शहरात होत्या; कोणी नर्स, कोणी शिक्षिका, कोणी इंजिनीअर. सगळ्यांना तेच उत्तर. मग रविवारी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जमायचं आणि एकमेकींच्या वेण्या घालायच्या, असं सहा वर्षं चाललं होतं. २०१६ साली त्यांनी ठरवलं, आता पुरे. आपलं दुकान काढायचं.

बारा जणी. प्रत्येकीचे तीन हजार डॉलर. कोणाचा वाटा दुसरीपेक्षा जास्त नाही, कोणाचा शब्द दुसरीपेक्षा मोठा नाही. एका जुन्या शॉपिंग सेंटरच्या तिसऱ्या मजल्यावर, शिंपी आणि घड्याळजी यांच्या मधोमध एक गाळा मिळाला. गाळ्याची मालकीण मिसेस कोह म्हणाली, डिपॉझिट शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत, नाहीतर मोबाइलची कव्हरं विकणारा एक माणूस रांगेत उभाच आहे.

आणि त्याच आठवड्यात बारा जणींतल्या एकीच्या नवऱ्याची पर्थला बदली झाली. तिला पैसे परत घ्यावे लागले. तीन हजारांचं भगदाड पडलं.

हे उल्काला कळायला नको होतं, पण कळलं. दोन रात्रींत तिने दुकान कसं चालवावं याचं चौदा स्लाइडचं प्रेझेंटेशन बनवलं. एवढ्यावर थांबली असती तर ती उल्का कसली? ओळखीच्या मराठी मंडळींतले हेमचंद्र अभ्यंकर नुकतेच बँकेतून निवृत्त होऊन "चांगल्या कल्पना" शोधत होते. मंगळवारी डेलोरिसच्या घरी बायकांची बैठक होती. डेलोरिस अमेरिकन, आंतरराष्ट्रीय शाळेत गणित शिकवायची. त्या बैठकीला उल्का लॅपटॉप आणि हेमचंद्र यांना बरोबर घेऊन थडकली. कोणालाही न विचारता.

स्लाइड सगळ्यांनी शांतपणे पाहिल्या. मग हेमचंद्र घसा साफ करून बोलले. तीनच कशाला, ते तीस हजार घालायला तयार होते. वर्षभरात तीन शाखा. त्यांना हवे होते फक्त एक्कावन्न टक्के.

"आणि वेण्या कोण घालणार?" डेलोरिसने विचारलं.

"अर्थात तुम्हीच. त्यात तुमचा हातखंडा आहे."

अकरा जणी एकदम हसल्या. हेमचंद्रही हसले, कारण आपण काहीतरी छान बोललो असं त्यांना वाटलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते आपल्यालाच, हे त्या भल्या माणसाच्या गावीही नव्हतं. त्यांना चहा मिळाला, केळ्याची भजी मिळाली आणि अतिशय गोड शब्दांत नकार मिळाला.

ते गेल्यावर उल्का म्हणाली, "बरं, ते राहू दे. तीन हजार मी घालते. बारावी मी."

"नाही," अफुआ म्हणाली.

"उसने घे मग."

"उसन्यालाही मालक असतो, उल्का."

उल्काचा चेहरा पडला. अफुआने तिला बाहेर पोर्चमध्ये नेऊन बसवलं.

"माझी आई कुमासीच्या बाजारात कापड विकायची," ती म्हणाली. "तिथे प्रत्येक मालाची एक राणी असते. टोमॅटोची राणी, कांद्याची राणी. बाजारातल्या बायकाच निवडतात तिला. मला नर्सिंगला जायचं होतं तेव्हा कापडाच्या राणीने दुकानांची सगळी ओळ गोळा केली. चाळीस बायकांनी माझी फी भरली. एकाच माणसाने भरली असती तर जन्मभर त्याच्यासमोर मान खाली घालावी लागली असती. चाळीस जणींनी भरली, म्हणून मी कोणासमोरच घालत नाही."

"पण मी कुठे तुला मान खाली घालायला सांगतेय?" उल्काचा आवाज चिरका झाला.

"तू नाही सांगत. पण त्या दुकानात आमच्या पोरी येतील. भिंतीवर मालकिणींचे फोटो असतील. ते सगळे चेहरे त्यांना आपल्या आईसारखे दिसले पाहिजेत. या शहरात त्यांनी असं काही अजून पाहिलेलं नाही. तू मैत्रीण आहेस म्हणून तुला सरळ सांगतेय. परक्या बाईला मी काहीतरी गोड बोलून घालवलं असतं."

उल्का घरी आली ती फुरंगटून. विश्वाससमोर सगळं ओकून टाकलं. "मदत करायला गेले आणि हात दाखवून अवलक्षण झालं!"

विश्वास पेपर खाली न ठेवताच म्हणाला, "तुझी आई सांगलीला शिकवण्या घ्यायची, तेव्हा तुझ्या काकांनी क्लास काढून देतो म्हटलं होतं. ती काय म्हणाली होती?"

उल्काला आठवत होतं. आई म्हणाली होती, "भावजी, फळ्यावर नाव कोणाचं लिहिणार?" काका त्यानंतर दोन वर्षं नीट बोलले नव्हते. आणि उल्का ही गोष्ट दर दिवाळीला अभिमानाने सगळ्यांना सांगायची. त्या संध्याकाळी मात्र तिला स्वतःची लाज वाटली, आणि ती वाटली हे बरंच झालं.

अकरा जणींनी काय केलं? शनिवारी डेलोरिसच्या पोर्चमध्ये खुर्च्या मांडल्या आणि बेटावरच्या प्रत्येक ओळखीच्या डोक्याला निरोप धाडला: आज वेण्या, पूर्ण दर, रोख. सगळी कमाई दुकानाची.

उल्का जाणार नव्हती. पण जाईने सकाळी आठलाच बूट घातले. "Mummy, I want the small-small ones. Auntie promised."

तिथे पोचल्यावर उल्काने आधी आवाज ऐकला आणि मग गर्दी पाहिली. पोर्चपासून फाटकापर्यंत रांग. मोठ्या बायका, कॉलेजच्या पोरी, कडेवर पोरं घेतलेल्या आया, टाळूला चिकटून बारीक वेण्या घालून घ्यायला आलेले दोन उंचेपुरे फुटबॉलपटू. पंखे गरगरत होते. डेलोरिसच्या नवऱ्याने मोठ्या पातेल्यात टोमॅटोतला लाल भात चढवला होता, आणि त्यात तिखट किती असावं यावर एक नायजेरियन आजी आणि एक घानाची मावशी यांचं असं जुंपलं होतं की ऐकणाऱ्याला भूकच लागावी. खुर्च्यांमागे अकरा जणींचे हात चालत होते. भांग पाडायचा, तीन पेड, खाली खाली खाली, टोक सुटू नये म्हणून गरम पाण्यात. कोणीतरी गाणं सुरू करायचं आणि सगळी रांग ते उचलायची.

जाईची पाळी आली तेव्हा उल्काने मुकाट्याने ऐंशी डॉलर मोजून दिले. "मैत्रिणीला काही कमी नाही का?" हा प्रश्न तिच्या जिभेच्या टोकावर आला होता. आपल्या माणसाच्या दुकानात आधी भाव पाडायचा हे बाळकडूच ना! पण तिने तो गिळला. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं.

चार वाजता रांग संपली. डेलोरिसने गणिताच्या शिक्षिकेला शोभेल अशा रीतीने पैसे दोनदा मोजले आणि चष्मा काढला.

"एकशे नव्वद कमी."

तीन हजारांतले एकशे नव्वद म्हणजे काय? कोणाच्याही पाकिटातून निघाले असते. एकीने पर्स उघडलीही. अफुआने मान हलवली. "वाटा सारखा ठरलाय. आज एकीने जास्त घातले, तर उद्या तिचा शब्द जास्त होईल. अजून एक डोकं शोधा."

फोन सुरू झाले. एक गिऱ्हाईक लांब टॅम्पिनीसला, एक कामावर, एक उचलेना. घड्याळ पुढे सरकत होतं. मिसेस कोह सहाला इथेच येणार होती.

उल्का कोपऱ्यात उभी होती. हात पर्सवर होता, आणि पर्स उघडायची नाही हे तिला कळत होतं. मग तिने केसांची क्लिप काढली, रिकाम्या खुर्चीपाशी गेली आणि बसली.

"सगळ्यात महागड्या वेण्यांचा दर काय?"

"दोनशे," अफुआ सावधपणे म्हणाली. "उल्का, हे बघ, मी तुला सांगितलंय की..."

"मी मदत करत नाहीये. मी गिऱ्हाईक आहे. माझेही केस कोणाला जमत नाहीत."

"तुझे? तुझे तर दोऱ्यासारखे सरळ आहेत."

"भिजव आणि बघ."

अफुआने तिचं डोकं मागे झुकवून पाणी घातलं. आणि ते केस, वीस वर्षं रोज पहाटे भाजून काढलेले केस, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आक्रसू लागले, वळू लागले, पेटून उठले. टोकांशी थोडे जळके होते, पण मुळापाशी जाईचीच कुरळी दाटी. मग त्या नायजेरियन आजीने टाळी वाजवली आणि सगळा पोर्च ओरडायला लागला.

"चोर!" अफुआ म्हणाली. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "दोन वर्षं माझ्यासमोर चोरून ठेवलंस!"

"घाबरत होते," उल्का म्हणाली. एवढंच म्हणाली आणि तिलाही रडू आलं. इतकं मोकळं रडू तिला कित्येक वर्षांत आलं नव्हतं.

उल्काने दोनशे आधीच मोजून दिले. वेळ कमी होता, म्हणून चार जणी एकदम लागल्या. आठ हात एका डोक्यात. अफुआ मागून, डेलोरिस डावीकडून. कोणी ओढलं नाही, कुठे दुखलं नाही. समोर जाई बसली होती, डोक्यावर तिच्या नव्या बारीक वेण्या. ती आईकडे टक लावून पाहत होती.

"Mummy," ती हळूच म्हणाली, "आपले same-same होते?"

"हो गं राजा."

"Then why you never tell me?"

याचं उत्तर चौदा स्लाइडमध्येही मावलं नसतं. उल्काने लेकीचा हात घट्ट धरला.

सहाला पाच मिनिटं कमी असताना मिसेस कोह फाटकातून आली. अकरा जणींनी डिपॉझिटचा चेक आणि वरचे तीन हजार रोख तिच्या हातात ठेवले आणि तिने किल्ली दिली. किल्ली हातोहात फिरली, प्रत्येकीने ती एकदा मुठीत धरली. ती उल्कापर्यंत आली नाही, आणि उल्काला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. ती खुर्चीत बसल्या बसल्या सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती.

मग अफुआ पावतीपुस्तक घेऊन आली. तिने उल्काला दोनशेची पावती फाडून दिली आणि वर बजावून सांगितलं, "सहा आठवड्यांनी ये. दुकानात. अपॉइंटमेंट घेऊन. आणि कमी करून मागू नकोस."

"एक सल्ला देऊ?" उल्का म्हणाली.

सगळ्या जणींचे श्वास अडकले.

"दर वाढवा. फार स्वस्त आहात तुम्ही."

सोमवारी ती वेण्यांसकट ऑफिसला गेली आणि खणातली इस्त्री कचऱ्याच्या डब्यात टाकली.