माझ्या फळीवरचा दहा

मी पिकअपच्या मागं जोडायचा दोनचाकी ट्रेलर बोलतोय. गावात मला ट्रॉली म्हणतात. म्हणू द्या. साखरखेर्ड्यात भागवतच्या गोठ्यामागं एका अंगावर कलून पडलोय, कोंबड्या येऊन बसतात. ऐकायचं तर ऐका, नाही तर आपला रस्ता धरा.

मला खामगावच्या गुलाबराव वेल्डरनं बांधलं. तोंडाचा फाटका माणूस, पण हात सरळ. लोखंड जाड वापरलं. बांधून झाल्यावर मला रिकामाच वजनकाट्यावर नेलं. सहा क्विंटल भरलो. मग माझ्या मालकाला, भागवतला, समोर उभं केलं.

“पाह्य, तुह्या पिकअपले मागं सोळा क्विंटल झेपते. सहा याचे सवताचे. माल किती भरशीन?”

“सोळा.”

“अन् याचं वजन तुहा बाप ओढीन का बे?”

“लोखंड काय माल आहे का, काका?”

“गाडीले दोन्ही सारखंच. दहा भर. गाडीच्या हौद्यात टाकलं तर तेही त्यातूनच कमी कर. चढावर ओढते म्हणून खूष होऊ नोको. याले बिरेक नाही. उतारावर हा ढकलते.”

आणि त्यानं पांढऱ्या रंगानं माझ्या पुढच्या फळीवर हातभर ‘१०’ काढला.

तीन वर्षं बरी गेली. कापूस वाहिला. आभाळाला लागेल एवढा भरायचे, पोरं हसायची, पण कापूस दिसतो तेवढा जड नसतो. तिथंच भागवतचा डोळा बिघडला. एवढा उंच भरून काही होत नाही, तर बाकी मालाचं काय, असं त्याला वाटू लागलं.

मागच्या दसऱ्याला मला धुतलं, रंगवलं. पेंटरनं विचारलं, “हा दहा कायचा?”

“तो मले पाठ आहे. मार त्याच्यावर पट्टा,” भागवत म्हणाला, “अन् पोरीचं नाव टाक.”

पोरगी बुलढाण्याला कॉलेजात. दहावर निळा पट्टा बसला, त्यावर ‘डिंपल’, दोन्हीकडं फूल. खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं.

आठ दिवसांनी सोयाबीन निघालं. भागवतनं स्वतःचं मोजून दहाच क्विंटल भरलं. खरंच त्याला पाठ होतं. पण आमच्या गावात गाडी बाजाराला निघाली की तिला कोणी एकट्याची समजत नाही. शेजारची रुक्मिणीबाई आली.

“भागवत, माहे दोनच कट्टे आहेत रे, क्विंटलभर. दोनानं काय होते?”

“टाका काकू.”

मग महादेवराव आले, तीन कट्टे घेऊन. मग आणखी कोणी, मग आणखी कोणी. नाही म्हणणाऱ्याची गोष्ट गाव त्याच्या पोरीच्या लग्नापर्यंत लक्षात ठेवतं. शेवटी आलेल्यांनी कट्टे मागच्या टोकाला फेकले, तसा मी बसल्या जागी डुलायला लागलो. दहा क्विंटलचे सतरा झाले. फळीवर आकडा असता तर रुक्मिणीबाईनंही तो वाचला असता. नावावरून कोणाला काय कळणार.

भागवतची बायको जयमाला दारात आली. “बस करा आता. दोन फेऱ्या करा.”

“दोन-दोन कट्ट्यांसाठी दोन फेऱ्या? काल रिकामी गाडी कशी पळत होती, पाह्यलं ना?”

“रिकामीच पळन ना. भरली कोणती पळते?”

तो हसला आणि निघाला. तिच्याशी त्याचं शेवटचं बोलणं ते.

सपाटीला काही नाही. चढही चढलो. मग घाट उतरायला लागलो. मागून माझं ढुंगण हलू लागलं, पुढून गाडीच्या ब्रेकचा जळका वास येऊ लागला. मी चाकं रोवायला पाहिली. चाक स्वतःहून थांबत नसतं. ज्यानं मला धुतलं, पुसलं, त्यालाच मी ढकलत होतो.

केबिनची मागची काच उघडी होती. भागवत म्हणत होता, “थांब रे बापा, थांब.” तीन वर्षांत त्यानं माझ्याकडं मागितलेली ती एकच गोष्ट.

समोरून माणसांनी भरलेली एसटी वर येत होती. त्यानं गाडी डोंगराच्या अंगाला घातली. एसटी वाचली. गाडी थांबली. मी नाही थांबलो. मी केबिनवर चढलो.

तेराव्याला रुक्मिणीबाई माझ्याजवळ आली. “माहेच दोन कट्टे,” एवढंच म्हणाली आणि पदर तोंडात धरून गेली. पाच जणं असंच म्हणून गेली. सगळ्यांचे दोन-दोन, तीन-तीनच तर होते.

गुलाबरावही आला होता. त्या दिवशी त्या माणसाला शिवी सुचली नाही. डिंपल खुरपं घेऊन माझ्यापुढं बसली आणि स्वतःचं नाव खरवडायला लागली.

“राहू दे पोरी. तुह्या नावानं काय केलं?”

“खाली दहा होता ना, आबा? पट्टा मारला तवा मी सुट्टीत घरी होती, पाह्यलं होतं. मले वाटलं, बाबाले पाठ आहे.”

“पाठ होता त्याले.”

“मंग?”

तिनं पुन्हा खुरपं चालवलं. ‘डिं’ गेला तसा खालून एक निघाला, ‘ल’ गेला तसा शून्य निघाला. मग तिनं खुरपं खाली ठेवलं. मधला ‘प’ अजून तसाच आहे.

आता मला कोणी नेत नाही. नेलंच, तर आधी रिकामा काट्यावर उभा करा. आकडा लिहा, मोठा लिहा, आणि त्यावर कोणाचंही नाव टाकू नका, पोटच्या पोरीचंही नाही.

तो थांब म्हणाला होता. आता थांबलोय.