बाईंना सगळं ऐकू येतं

"बाई, आम्ही तुम्हाला दिसतो का?"

मित्रांनो, "हिंमत असेल तर विचार!" असं मैत्रिणींनी डिवचलं आणि सुताराच्या मुलीने भर वर्गात उभं राहून टीव्हीला हा प्रश्न विचारला. तिथेच माझी अब्रू गेली.

मी एक जुनी छत्री आहे. शाळेच्या छपरावर बसून उपग्रहाकडून धडे झेलणारी. मला बसवलं तेव्हा काय तो थाट! टाळ्या, फोटो, भाषण! आणि लगेच विज्ञानाच्या सरांची बदली. "आता छत्री आहे की," हेडमास्तर म्हणाले. मला वाटलं, माझं कौतुकच चाललंय. कसली भोळी मी!

पडद्यावरच्या बाई गोड शिकवायच्या. प्रश्न विचारून जरा थांबायच्या, मग म्हणायच्या, "शाब्बास!" वर्गात दंगा झाला की हेडमास्तर दरडावायचे, "गप्प बसा! छत्रीतून बाईंना सगळं दिसतं, ऐकू येतं." अहो, मला नुसतं घेता येतं, पाठवता येत नाही! पण मला कोण विचारतंय? सुताराची मुलगी मात्र घट्ट वेणी घालून पुढे बसायची, प्रत्येक प्रश्नाला हात वर करायची. ते "शाब्बास" तिला आपलंच वाटायचं.

त्या दिवशी बाईंनी विचारलं, बेडकाच्या हृदयाला कप्पे किती? आणि थांबल्या. तेवढ्यात मुलीने आपला प्रश्न टाकला.

बाई हसल्या. "शाब्बास! अगदी बरोबर. तीन!"

वर्ग खो खो हसत सुटला. "अगं, तीन-तीन दिसतेस तू त्यांना!" मुलगी हसली नाही. खिडकीतून डोकं बाहेर काढून वर माझ्याकडे बघत म्हणाली, "खोटारडी!"

खोटं बोललं कोण, आणि तोंड काळं झालं कुणाचं! मला ओरडून सांगायचं होतं. पण पाठवता येत नाही ना.

पुढे वरून धडे येणंच थांबलं. सरही परतले नाहीत. छप्पर दुरुस्त करायला आलेल्या सुताराने मला उतरवून घरी नेलं. आता माझ्यात कोंबड्या पाणी पितात. मित्रांनो, छत्री जरूर बसवा. पण तिच्या नावावर माणूस उठवू नका.

काल मुलगी माझ्याशेजारी उकिडवी बसली. माझ्यातलं पाणी बदललं आणि तिथूनच म्हणाली, "आई, बाबा, माझं ठरलंय. मी मावशीकडे राहून तिथल्या शाळेत जाणार."

"एवढ्या लांब? कशाला गं?"

"तिथे विज्ञानाला सर आहेत. चुकले तर 'चुकलीस' म्हणतील!"