कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत

नव्या राजवटीतल्या वरच्यांना वाकडी शेतं आवडत नसत. आमच्या बापजाद्यांनी बांध घातले होते ते पाण्याच्या कलाने, सुटलेल्या पोटासारखे. ते सगळे मोडून आमच्या बाटंबांग प्रांताची जमीन चौरसांत बसवायची, असा हुकूम निघाला. पाण्याला कुणी विचारलं नाही. त्या वर्षांत कुणालाच विचारत नसत.

आमच्या तुकडीवर रिन नावाचा विशीतला पोरगा म्होरक्या होता. सगळ्यांनी एकमेकांना मित्रच म्हणायचं, अगदी बापालासुद्धा, असा नियम होता. त्यामुळे आम्ही सगळे मित्र होतो आणि एकमेकांना घाबरून असायचो.

शेत आखताना दोरी धरायला दोघे असत, गाडीवान छुमकाका आणि योउन. योउन मूळचा गणिताचा मास्तर. हे मला ठाऊक होतं, कारण माझा थोरला त्याच्याच हाताखाली नापास झाला होता. बाकीच्यांसाठी तो ताडाचा रस काढणारा गडी. शिकलेल्या माणसांना तेव्हा रानाकडे नेत. परत फक्त कुदळ येई.

नव्या शेताच्या चारही बाजू दोरीबरहुकूम सारख्या भरल्या. तरी शेवटचा बांध जाऊन कालव्यात घुसला.

"दोरी कुणी धरली?" रिनने विचारलं.

"मी, मित्र," छुमकाका म्हणाला. "बाजू सारख्याच आहेत. मोजून घ्या."

"मग शेत एका अंगावर कलंडलं कसं? प्यायल्यासारखं?"

"मला काय ठाऊक. बैलाला विचारा, तोही होता तिथं."

"बैल शत्रूचा हस्तक नसतो, म्हाताऱ्या. तू असशील. मुद्दाम केलंस तू."

काकाची थट्टा तिथेच आटली. रिनचे दोघे जण उठले आणि त्यांनी त्याचे दंड धरले. योउन चिखलाकडे बघत उभा होता. मी खोकलो. गप्प राहा, असा तो खोकला होता. तो त्याला कळलाही.

"मित्र, काकाचा दोष नाही," योउन म्हणाला. "माझी आजी चटया विणायची. चारी कडा सारख्या असल्या तरी चटई तिरकी ओढली जाते. मग ती या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरा धरायची, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. दोन्ही दोरे सारखे आले की चटई सरळ."

रिनचा चेहरा सैल झाला. त्याने हात हलवला, काकाचे दंड सुटले.

"डोकं होतं म्हातारीला. नीट काढून दाखव. दुसऱ्या तुकडीला मलाच सांगावं लागणार."

योउनने काठी घेतली. चिखलात कललेला चौकोन काढला, त्यात दोन कर्ण मारले, एक लांब, एक आखूड. फार सुरेख काढले. आणि हात तसाच पुढे जाऊन, इतक्या वर्षांच्या सवयीने, चारही कोपऱ्यांवर अक्षरं घालून मोकळा झाला. क, ख, ग, घ.

रिनला वाचता येत नव्हतं. पण ताडावर चढणारा गडी कोपऱ्यांना नावं देत नाही, एवढं त्याला कळत होतं.

"हेसुद्धा आजीनंच शिकवलं?"

योउनने पायाने एक अक्षर पुसलं. बाकीची राहू दिली.

दुपारपर्यंत शेत चौरस झालं. रिनने दोन्ही तिरक्या दोऱ्या स्वतः ताणून बघितल्या, समाधानाने मान हलवली आणि योउनला हाक मारली.

"चल मित्र. रानाकडे जरा काम आहे."

संध्याकाळी पेज वाटली. योउनच्या वाटची काकापुढे आली. काका नको म्हणाला. थोड्या वेळाने प्यायला, बोटाने वाडगं निपटून घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "उगाच बोलला रे तो."