नाकातला ‘आ’

बमरोलीतल्या त्या चाळीत श्रावणात कानबाई देवी बसायची ती प्रमिलाबाईच्या गळ्यावर. नथ-लुगडं ल्यालेला नारळ चौरंगावर मांडला, की प्रमिलाबाईने गाण्याची ओळ टाकायची आणि बायांनी ती झेलायची. खानदेशातून कापडाच्या लूमवर कामाला आलेल्या त्या घरांत एवढी गाणी दुसऱ्या कुणाला येत नव्हती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणूनच सून जेव्हा कीबोर्ड पुढे करून म्हणाली, “आत्या, यात जरा ‘आ’ म्हणा,” तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली.

तो लांबलचक कीबोर्ड तिच्या मुलाचा, धर्मेंद्रचा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रातला. तो इच्छापोरला कारखान्यात लागला आणि कीबोर्ड बायकोच्या, चंचलच्या हाती आला. मोबाइलवर बघून बघून ती त्यातून आवाज घडवायला शिकत होती. थाळीवर चमचा मारायची, तो आवाज आत घ्यायची, पट्टी दाबली की देवळातली घंटा! बटण जरा फिरवलं, की तीच घंटा तापीच्या तळातून वाजायची. एकदा तिने कुकरच्या शिटीची बासरी केली, तेव्हापासून प्रमिलाबाई त्या यंत्रासमोर फार बोलायचीही नाही.

“मशीनले मना आवाज कसाले जोये?”

“शिकायला, आत्या. एक लांब ‘आ’. मी तो सगळ्या पट्ट्यांवर पसरवते.”

“गानं नको?”

“गाणं मी वाजवीन ना.”

ते ‘मी वाजवीन’ कुसळासारखं रुतलं. पंखा बंद, खिडकी बंद, हातातल्या बांगड्यासुद्धा काढून ठेवायच्या; एवढी तयारी कशाची? फोनवर धर्मेंद्रशी कुजबुजते आणि आपण आलो की गप्प. म्हणजे यंदा कानबाईपुढे हे पेटारं गाणार, आणि आपण चुलीपाशी रोट भाजत बसायचं!

कीबोर्डवर रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला. प्रमिलाबाईने डोळे मिटले आणि नाकातून, किनरा, थरथरता ‘आ’ काढला. हुबेहूब शेजारच्या कलाबाईचा. नळावर तिची नक्कल करायची सवय होतीच. घे म्हणावं. पसरव.

चंचलने हेडफोन दाबून धरला. “आत्या, सर्दी झालीय का?”

“वय झालं, माय.”

पुढे कितीतरी दुपारी चंचल त्या ‘आ’शी झगडत राहिली. वरची पट्टी दाबली की चिमणी, खालची दाबली की म्हैस. मग ती त्याची सुरुवात मऊ करी, शेवट लांबवी, आवाजावर आवाज रची. स्वयंपाकघरातून प्रमिलाबाई कान देऊन ऐके, आणि पीठ जरा जास्तच जोरात मळे.

कानबाईचा रविवार उजाडला. बाया आल्या त्या थोड्याच. कुणी गावी गेलेल्या, कुणी पाळीवर. चंचलने चौरंगाच्या बाजूला कीबोर्ड मांडला आणि पट्ट्या दाबल्या. खोली बायांच्या आवाजांनी भरून गेली.

“हाऊ ते कलाबाईना आवाज शे!” शोभाबाई ओरडली.

“मनाच शे व माय!” कलाबाई पदर सावरत पुढे सरकली.

“मग यंदा ओळ कलाबाईलाच टाकू दे. मशीनबी तिचंच ऐकतं!”

“अहो नाही,” चंचल गडबडली, “हा आत्यांचा आवाज. झेलायला बाया कमी पडतात ना, म्हणून केला. ओळ आत्याच टाकणार होत्या. आम्ही दोघांनी सांगितलं नव्हतं त्यांना...”

“सासूचा आवाज असा?” शोभाबाई हसली. “चंचल, तुझे कान तपासून घे.”

कलाबाई खाकरून चौरंगासमोर बसायला लागली. ती प्रमिलाबाईची जागा होती. आता तोंड उघडलं नाही, तर ती गेलीच.

प्रमिलाबाईने तोंड उघडलं, आणि नाकातून तोच ‘आ’ काढला.

बायांनी एकदा कीबोर्डकडे पाहिलं, एकदा कलाबाईकडे. मग शोभाबाई भिंतीला टेकून हसू लागली.

“अशी गाते मी?” कलाबाई म्हणाली. “बकरीसारखी?”

“बकरी तरी सुरात असते,” प्रमिलाबाई म्हणाली.

कलाबाईने प्रमिलाबाईच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग स्वतःही हसली. “बस आता तुझ्या जागी. झेलायला मी आहेच. मशीनमाबी मी, भाईरबी मी.”

प्रमिलाबाई चौरंगासमोर टेकली. कीबोर्डवरचा लाल दिवा तिच्या नजरेतून सुटला नाही.

“तो दिवा कसाले लावला?”

“खरा ‘आ’ हवाय, आत्या.”

तिने सुनेकडे एकदा तिरकं पाहिलं. बांगड्या काही काढल्या नाहीत, नुसत्या मागे सारल्या. मग कानबाईकडे तोंड करून तिने मोकळ्या गळ्याने ओळ टाकली, आणि मागून मशीनमधल्या नि बाहेरच्या साऱ्या कलाबायांनी ती नाकातून झेलली.