मागचं चाक

नवऱ्याची मोटरसायकल सकाळी सुरू केली की डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज यायचा. गरम झाली की थांबायचा, म्हणून तो म्हणायचा, काही नाही गं, म्हातारी झाली, कुरकुरणारच. मी शिवणयंत्रं दुरुस्त करते. ‘काही नाही गं’ म्हणत दिवस ढकललेली यंत्रंच माझ्या टेबलावर येतात, त्यामुळे हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

इंजिनाच्या पोटात एक बारीक चेन असते. वॉल्व्ह कधी उघडायचे, कधी मिटायचे, ते तिच्यावर चालतं. ती सैल पडू नये म्हणून तिला दाबून धरणारा टेन्शनर असतो. आमच्या गाडीला दोन सिलिंडर, म्हणून टेन्शनरही दोन, आणि दोन्ही झिजलेले. चेन एखादा दात सोडून सरकली की वॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळू शकतात. माझ्या यंत्रांत असं वेळेचं गणित चुकलं तर सुई तुटते. इथे धावत्या गाडीचं इंजिन जागच्या जागी अडकेल. नवरा डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात नर्स आहे, संध्याकाळी जातो, सकाळी येतो, आणि त्या रस्त्याला अर्ध्या वळणांवर कठडा नाही. मला झोप लागत नव्हती ती यामुळे.

गॅरेजवाल्याने पुढच्या महिन्यातली तारीख दिली. मी नवऱ्याला म्हटलं, सुटे भाग आणून दे, मीच बदलते. नवऱ्याने विचारलं, जमेल तुला? त्याने हे विचारायला नको होतं. आता न जमून कसं चाललं असतं.

रविवारी सकाळी गाडी जिन्याखाली डबल स्टँडवर चढवली. खाली पुठ्ठा अंथरला. टाकी उतरवली, प्लग काढले, गाडी टॉप गियरमध्ये टाकली. असं केलं की मागचं चाक हाताने फिरवून इंजिन आतून हवं तेवढं फिरवता येतं. बाजूच्या छोट्या खिडकीत खूण दिसेपर्यंत फिरवायचं, मग टेन्शनर काढायचा. तो बाहेर असताना इंजिन अजिबात हलता कामा नये. चेनला तेव्हा धरून ठेवणारं कुणीच नसतं.

सासरे शेजारी स्टूल टाकून बसले होते. त्यांनी आयुष्यभर बसडेपोत गाड्या धुतल्या. आता हात कापतात, म्हणून आम्ही त्यांच्याकडून आधी सुरी काढून घेतली, मग गॅस, मग चहाचा ट्रे. घरात दिवसभर कुणी ना कुणी त्यांना म्हणत असतं, बाबा, राहू द्या. मीही त्या दिवशी म्हटलं, आणि जरा तोडूनच म्हटलं. बाबा, काही झालं तरी इंजिनाला हात लावू नका. त्यांनी मान हलवली. हातातलं फडकं मात्र सोडलं नाही.

पुढचा टेन्शनर जेवणाआधी बदलून झाला. मग चाक फिरवून मागच्या सिलिंडरची खूण आणली, मागचा टेन्शनर काढून पुठ्ठ्यावर ठेवला आणि मी जेवायला आत गेले. पोटात कावळे ओरडत होते, शिवाय नवरा दोनदा हाक मारून गेला होता. बाबांचं जेवण लवकर होतं, ते बाहेरच होते.

जेवून आल्यावर मी नवा टेन्शनर बसवला. चेन दाबून धरायला त्याची आतली कळ सोडली तेव्हा टक्कन आवाज आला आणि मला भारी बरं वाटलं. प्लग लावले, टाकी चढवली. तोवर नवरा पांढऱ्या गणवेशात, डबा घेऊन दारात उभा. मी हात पुसायला फडकं शोधत खाली बघितलं, तर मागचं चाक लखलखत होतं.

सगळं चाक. वरून खालून, एकूण एक तार. पुढचं तसंच चिखलाने माखलेलं.

स्टँडवरच्या गाडीचं चाक न फिरवता असं पुसता येत नाही. नवऱ्याने किल्ली लावली होती. मी ती काढून घेतली आणि मुठीत धरली.

“बाबा, मागचं चाक तुम्ही पुसलंत?”

त्यांना वाटलं मी कौतुक करतेय. “मग! एकेक तार घासून काढली. तुम्ही जेवत होतात तेव्हा.”

“फिरवलंत?”

“न फिरवता कसं पुसणार?”

“तुम्हाला सांगितलं होतं ना, हात लावू नका म्हणून?”

“इंजिनाला म्हणाली होतीस,” ते म्हणाले. “चाकाला नाही.”

बरोबर होतं त्यांचं. गियरमध्ये असलेल्या गाडीचं चाक म्हणजे इंजिनच, हे मला ठाऊक होतं, आणि मी ते सांगितलं नव्हतं. तरी माझा राग काही जाईना. मी पुन्हा पाना उचलला. नवरा म्हणाला, कदाचित काही झालं नसेल. मी म्हटलं, त्या ‘कदाचित’वर तू डोंगर चढणार का? तो वॉर्डात उशीर कळवायला फोन घेऊन बाजूला गेला.

बाजूची खिडकी उघडली. खूण नव्हती. टाकी पुन्हा उतरवली, प्लग काढले, मागच्या सिलिंडरवरचं झाकण उघडलं. माझे स्वतःचे हात आता असे थरथरत होते की बोल्ट पुठ्ठ्यावर न पडता जिन्याखाली गडगडत गेला आणि मी रांगत जाऊन तो आणला. चाक इंच इंच पुढे घेत खिडकीतली खूण आणली, मग टॉर्च धरून वर बघितलं. चेनच्या वरच्या गियरवरची खूण जिथे हवी त्याच्या एक दात मागे होती.

एकच दात. गाडी कदाचित सुरूही झाली असती. कदाचित दोन-चार वळणं गेलीही असती.

“माझ्यामुळे?” बाबा मागून म्हणाले. ते स्टुलावरून उठले होते.

मला खोटं बोलता येत नाही, नवरा याला माझा दुर्गुण म्हणतो. “तुम्ही फिरवलंत म्हणून,” मी म्हटलं. “आणि मी सांगितलं नाही म्हणून.”

टेन्शनर काढला, वरचा गियर सैल केला, चेन उचलून एक दात सरकवली, गियर आवळला, टेन्शनर पुन्हा बसवला. आता इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून दोन्ही खुणा परत जुळतात का ते बघायचं होतं. एकाने चाक फिरवायचं, एकाने बघायचं. नवरा बाह्या वर करून पुढे आला. त्याला घाई झाली होती, आणि घाईचा हात मला त्या चाकावर नको होता.

“बाबा, तुम्ही या.”

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. “मी नको. माझे हात कापतात.”

“कापू देत. चाक जड आहे, त्याला कळत नाही. मी थांबा म्हटलं की थांबायचं.”

ते खाली बसले. चाक धरण्याआधी त्यांनी फडकं घडी करून खिशात ठेवलं. मी म्हणत होते हळू, हळू, आणि ते त्याहूनही हळू फिरवत होते. पहिल्यांदा खूण निसटून पुढे गेली. त्यांचा चेहरा पडला. मी म्हटलं, पुढेच चला, दुसऱ्या फेऱ्याला बघू. दुसऱ्या फेऱ्याला मी थांबा म्हटलं आणि ते थांबले. खाली खूण. वर खूण. मी तीनदा बघितलं. मग पुन्हा तसेच दोन फेरे करायला लावले, कारण माझा माझ्यावरच विश्वास उरला नव्हता.

झाकण, प्लग, टाकी सगळं परत चढवलं. गाडी सुरू झाली. खिळ्यांचा आवाज नव्हता.

“येतो,” नवरा म्हणाला, रोजच्यासारखा. यावर नुसतं ‘ये’ म्हणायचं असतं. माझ्या तोंडून ते निघेना.

“पहिली चक्कर माझी,” मी म्हटलं. “वरच्या वळणापर्यंत. थांब तू.”

हेल्मेट घालून मी गाडीवर बसले, तर मागे गाडी दबली. बाबांनी नवऱ्याचं हेल्मेट चढवलं होतं.

“बाबा, उतरा,” नवरा म्हणाला. “हे काय आता?”

“चाक मी फिरवलंय,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी माझे खांदे धरले.

तो रस्ता मला आठवतो तो फक्त आवाजाचा. कठडा नसलेल्या वळणावर मी गाडी मुद्दाम जोरात ओढली, काय व्हायचं ते आत्ता होऊ दे म्हणून, आणि लगेच पाठीमागे कोण बसलंय ते आठवून वेग कमी केला. खांद्यांवरचे हात सारखे कापत होते. वरच्या वळणावर मी गाडी वळवली आणि आम्ही खाली आलो.

नवरा मघाच्याच जागी उभा होता, डबा छातीशी धरून. बाबा सावकाश उतरले, हेल्मेट काढलं, खिशातल्या फडक्याने आतून पुसलं आणि त्याच्या हातात दिलं.

“येतो,” तो पुन्हा म्हणाला, या वेळी माझ्याकडे बघून.

“ये,” मी म्हटलं.

आवाज वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघं रस्त्यात उभे होतो. गेल्यावरही उभे होतो.

“पुढचं चाक राहिलंय,” बाबा म्हणाले. “सकाळी तो आला की घेतो.”

“घ्या,” मी म्हटलं.