एसीत लागलेलं ऊन

ते यंत्र वैजयंतीनं स्वतः मागवलं होतं. तळहाताएवढं, पांढरं, विषारी धूर साठला की किंचाळणारं. सयाजीनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ह्याला भोक कुठं पाडायचं? नवा सनमायका हाय सगळा."

"बिछान्याजवळ. झोपलेल्या माणसाला ऐकू जाईल असं."

"बरं, बघू."

नवऱ्याचं 'बघू' म्हणजे काय, हे बावीस वर्षांच्या संसारात तिला पाठ झालं होतं.

सयाजीचा सोलापुरात गाड्यांच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता. शाळेच्या बस, दूधवाल्यांच्या गाड्या, असं सगळं त्यानं बांधलं होतं. गेल्या वर्षी अक्कलकोटच्या अमरेश नावाच्या व्यापाऱ्यानं त्याच्याकडून मिनीबसची घरगाडी करून घेतली. आत पलंग, ओटा, छतावर एसी आणि मागच्या पेटीत तो चालवायला पेट्रोलचा जनरेटर. जानेवारीत ती गाडी दिली आणि लगेच सयाजीनं तशीच दुसरी स्वतःसाठी बांधायला घेतली.

वैजयंती मोहोळच्या कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायची. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, रक्तात ऑक्सिजनची जागा तो बळकावतो, हे एकोणीस वर्षं ती फळ्यावर लिहीत आली होती. पोरं पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवायची. घरात मात्र तिनं हा विषय काढला की सयाजी म्हणायचा, "हे कॉलेजात सांग."

एप्रिलमधल्या एका रविवारी घरगाडीची पहिली सहल निघाली. सयाजी, वैजयंती, कॉलेजात जाणारी लेक वैष्णवी आणि सयाजीची आई बजाबाई. टेंभुर्णी ओलांडून उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी पोचेपर्यंत दुपार झाली होती. त्रेचाळीस अंशांचं ऊन. झळा लागू नयेत म्हणून सयाजीनं मातीच्या उंच बांधाला पाठ लावून गाडी उभी केली, सगळ्या काचा घट्ट लावल्या आणि जनरेटर सुरू केला.

"ह्याचा धूर कुठं जाणार?" वैजयंतीनं विचारलं.

"पाइप खालनं काढलाय."

"खालनं म्हणजे गाडीच्याच खाली ना? मागं बांध आहे. वाराच लागत नाही तिथं."

"वैजू, तू पेपर तपास. गाड्या मी बांधतो."

"आणि ते यंत्र? कुठं बसवलंय?"

"हाय की आत. आल्या आल्या सुरू करू नकोस आता."

बजाबाईंनी उसासा टाकला. वैष्णवी म्हणाली, "मम्मी, एक दिवस तरी शांतपणे जाऊ दे ना."

त्या 'एक दिवस तरी'नं वैजयंती पेटलीच. अकरावीच्या पेपरांचा गठ्ठा आणि पाण्याची बाटली उचलून ती तरातरा खाली उतरली आणि पन्नास पावलांवरच्या लिंबाखाली जाऊन बसली. खिडकीतून बजाबाईंनी हातवारे करून आत बोलावलं. तिनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. पेपरांवर घाम टपकत होता आणि आतली तिघं गारव्यात पडली होती. मूर्ख मीच, ती स्वतःशी म्हणाली. तरी उठली नाही.

तास-सव्वा तासानं गाडीचं दार उघडलं. वैष्णवी पायरी चुकली, सावरली आणि दोन पावलांवर ओकली. वैजयंती धावली.

"डोकं फुटतंय, मम्मी. पप्पा म्हणतायत, ऊन लागलं असेल."

"अगं, पण तू तर एसीत होतीस!"

बोलता बोलताच तिला सगळा उलगडा झाला. लेकीला तिथंच सोडून ती गाडीच्या मागं पळाली, जनरेटर बंद केला, मग दोन्ही दारं आणि काचा सताड उघडल्या. बजाबाई भिंतीकडं तोंड करून निजल्या होत्या. हाक मारली, गदागदा हलवलं, तरी नुसत्या कण्हल्या. सयाजी पलंगावर उठून बसला होता, पण नजर कुठंच ठरत नव्हती.

"बाहेर व्हा. आधी बाहेर व्हा!"

"दार लाव. गारवा चाललाय सगळा."

"अहो, धूर भरलाय आत!"

"कुठाय धूर? वास तरी येतोय का?"

"नाहीच येत वास! किती वेळा सांगू तुम्हाला?"

"आईला ऊन बाधलंय, आणि तिला उन्हात काढतीस व्हय?" तो तिला अडवायला उठला आणि गुडघ्यातून मोडल्यासारखा खाली बसला. मग मात्र त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती दिसली.

बांधापलीकडं धुळा नावाचा मेंढपाळ मेंढरं चारत होता. तिची ओरड ऐकून तो काठी टाकून आला. दोघांनी मिळून बजाबाईंना चादरीत घालून लिंबाखाली आणलं. सयाजी हातावर रांगत उतरला.

"ताई, म्हातारीला उन्हाचं हाय हे," धुळा म्हणाला. "कांदा ठेचून नाकाला लावू का? आत गार हाय, तितंच ऱ्हाऊ द्यायचं हुतं की."

आता ह्यालाही समजावायचं! "दादा, कांदा नको. आतली हवा विषारी झालीय. गाडी मिळेल का कुणाची? दवाखान्यात न्यायचंय."

धुळानं पुढं एक प्रश्न विचारला नाही. फोन लावला, आणि दहा मिनिटांत त्याच्या चुलत्याचा मेंढरं न्यायचा पिकअप धुरळा उडवत आला. तेवढ्या वेळात सासूबाईंचा चष्मा घ्यायला वैजयंती श्वास रोखून गाडीत शिरली. ओट्याखालचा खण ओढला तर चष्म्याशेजारी फडक्यात गुंडाळलेलं ते यंत्र होतं. मागचं झाकण उघडं, सेल काढलेले.

पिकअपच्या उघड्या हौद्यात बसल्यावर तिनं ते सयाजीपुढं धरलं. त्यानं मान फिरवली. "परवा कारखान्यात एसी लावून बघितला, तर सारखं वरडाय लागलं. वाटलं, पीसच खराब हाय."

बजाबाईंचं डोकं मांडीवर होतं, म्हणून ती ओरडली नाही.

टेंभुर्णीच्या छोट्या दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी बजाबाईंच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. "ऑक्सिजन नव्याण्णव आहे. उत्तम. ऊन लागलंय, सकाळपासूनचा हा पाचवा पेशंट. सलाईन लावू."

"डॉक्टर, तो आकडा खोटा आहे. कार्बन मोनॉक्साइड आहे रक्तात. चिमट्याला तो आणि ऑक्सिजन सारखेच दिसतात. मास्क लावून ऑक्सिजन द्या."

"मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. पण ही तिघं एसीत बसून आजारी पडलीत, आणि मी उन्हात बसून धडधाकट आहे. हे कसं, ते सांगा मला."

डॉक्टरांनी तिघांकडं एकदा पाहिलं. त्यांनी बाहेर जाऊन सोलापुरातल्या आपल्या सरांना फोन लावला. ती दोन मिनिटं वैजयंती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभी होती. जन्मभर जे शिकवलं, ते खरं ठरायला कुठल्याशा सरांचा होकार लागत होता. आत आल्यावर डॉक्टरांनी सिलिंडर ओढून आणला. मास्क लावल्यावर म्हणाले, "बरं झालं, अडून बसलात."

बजाबाईंनी डोळे उघडले ते संध्याकाळी, सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात. रक्ताच्या तपासणीत वैजयंतीचं म्हणणं खरं निघालं होतं. वैष्णवी आणि सयाजी दुसऱ्या दिवशी सकाळी ठीक झाले. बजाबाईंना मात्र सहल आठवेना. आपण दवाखान्यात का आहोत, हे त्या तासातासाला विचारायच्या, सांगितलं की "असं व्हय" म्हणायच्या आणि पुन्हा विचारायच्या. डॉक्टर म्हणाले, सुधारेल हळूहळू, सुधारायला हवं.

तिसऱ्या दिवशी वैजयंती डबा घेऊन आली, तर सयाजी वऱ्हांड्यात माढ्याच्या थोरल्या भावाशी फोनवर बोलत होता. "ऊन लागलं हो, दुसरं काय. यंदा लईच ऊन हाय."

त्यानं फोन ठेवेपर्यंत ती तशीच उभी राहिली. "अक्कलकोटच्या गाडीचं काय?"

"कसली गाडी?"

"अमरेशची. तोच जनरेटर, तसाच पाइप. ती माणसं उन्हाळ्याच्या सुट्टीत निघणार होती ना?"

सयाजी म्हणाला, "बघू. आईचं होऊ दे आधी."

तिनं डबा बाकावर ठेवला, त्याच्या हातातून फोन घेतला आणि अमरेशला लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि हसत म्हणाला, "वहिनी, घाबरू नका. आम्ही दोन ट्रिपा केल्या की. जरा डोकं जड होतं प्रवासानं, तेवढंच. सयाजीराव काय म्हणतात? त्यांना द्या की."

प्रवासानं! एखादी गोष्ट स्वतःच्या तोंडानं सांगून कुणाला खरी वाटण्याची आशा तिनं त्या क्षणी सोडली. तिनं फोन नवऱ्यापुढं धरला.

"मी सांगून तो ऐकत नाही. तुम्ही सांगा. ऊन लागलं असं सांगायचं असेल, तर तेही माझ्यासमोरच सांगा."

सयाजीनं फोन घ्यायला वेळ लावला. आतून बजाबाई कुणाला तरी विचारत होत्या, "मला हितं का आणलंय?"

"अमरेशराव," तो म्हणाला. घसा साफ करून पुन्हा म्हणाला, "अमरेशराव, ती म्हणती ते खरं हाय. पाइप मी चुकीचा काढला. धूर खालनं आत येतो. आमच्या गाडीत यंत्र वरडत हुतं, ते मीच बंद केलं... नाही, नाही, अजिबात लावू नका. जनरेटरला हातच लावू नका. गाडी उद्याच घेऊन या. पाइप पार छताच्या वर काढून देतो, आणि वैजू म्हणती तसलं यंत्र बी बसवतो." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "व्हय. आई वाचली. थोडक्यात वाचली."

फोन ठेवून तो बाकावर बसला आणि दोन्ही तळव्यांनी त्यानं तोंड झाकलं. शेजारी बसावं असं वैजयंतीला वाटलं नाही. राग अजून तसाच होता, उलट आता त्याला सवड मिळाली होती.

"थोरल्या भाऊजींनाही परत फोन करा," ती म्हणाली आणि सासूबाईंना पुन्हा एकदा सगळं सांगायला आत गेली.