यात्री निवासातला लोखंडी पलंग

मी यात्री निवासातला लोखंडी पलंग बोलतोय. वय विचारू नका. मागचा जन्म धरायचा की नाही, हे माझंच अजून ठरलेलं नाही. जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवतात, तिथल्या भट्टीतून मी निघालो. त्याआधी बहुधा एसटीचा सांगाडा असेन. अजूनही कुणी अंगावर बसलं की आधी खडखडतो आणि मग उगाचच थोडा वेळ थरथरत राहतो.

समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब समर्थ, तिथल्या देवळाच्या रस्त्यावर सरकारने यात्री निवास बांधला, तेव्हा टेम्पोत उताणा पडून मी इथे आलो. हा निवास आमचे आमदार साहेबराव यांच्या भाषणातून उभा राहिला. पर्यटनाचा विषय निघाला की बाकीचे आमदार समुद्राचं आणि थंड हवेचं बोलायचे. साहेबराव म्हणाले, "आमच्या जिल्ह्यात दोन्ही नाही, पण पाहुणचार आहे." सभागृह हसलं, आणि हसण्याच्या भरात मंजुरीही देऊन बसलं.

तो पाहुणचार म्हणजे गोपिकाबाई. नवरा गेल्यावर ती इथे स्वयंपाकाला लागली आणि मागच्या खोलीत राहू लागली. यात्री आला की ती आधी पाणी द्यायची, मग गाव विचारायची, नाव सगळ्यात शेवटी. रखवालदार रायभान नाव आधी विचारायचा. तो सरकारी होता.

यात्रेकरूंची एक गंमत सांगतो. खोलीत शिरल्यावर ते मला हाताने दाबून बघतात, "झकास आहे" म्हणतात, माझ्यावर पिशव्या ठेवतात आणि स्वतः खाली सतरंजीवर झोपतात.

नव्वद सालच्या आसपास मुंबईत कुणीतरी विचारलं, त्या निवासात माणूस तरी येतो का? येत नसेल, तर इमारत बियाण्यांच्या गोदामाला द्या. पाहणीसाठी आमदारांची समिती निघाली. साहेबराव तिच्यात होतेच. गोपिकाबाईची चूल आणि खोली दोन्ही त्या पाहणीवर टांगलेली.

रामनवमी नुकतीच झालेली, निवास भरलेला. रायभान म्हणाला, "अक्का, साहेब लोक येऊन राह्यले. घर मोकळं पाहिजे."

तिलाही ते पटलं. मोठे पाहुणे आले की घरच्यांनी बाहेर बसायचं, ही इकडची रीतच. सगळे यात्री बिऱ्हाडासकट मागच्या चिंचेखाली गेले. अंबडकडून आलेली म्हातारी कडूबाई तर स्वतःच उठली. "पाव्हणे यायलेत तर आपण कशाला मधी?"

समिती आली. एकेक खोली उघडली. झाडलेली, सारवल्यासारखी स्वच्छ आणि रिकामी. अध्यक्षांनी विचारलं, "इथे कुणी नाही?"

"एक बी न्हाई, साहेब," रायभान छाती काढून म्हणाला. "बिलकुल मोकळं ठेवलंय."

साहेबरावांचा चेहरा उतरला. जेवताना येसराची आमटी ओरपत अध्यक्ष म्हणाले, "जेवण उत्तम. जागाही उत्तम. गोदामाला." गोपिकाबाईच्या हातातली पळी मधेच थांबली. पण साहेबांची वाटी रिकामी दिसली, म्हणून आधी तिने आमटी वाढली.

स्वयंपाकघरात तिने रायभानला धरलं. "माणसं झाडाखाली बसवली आन् कुणी न्हाई म्हणून सांगतोस व्हय? जा, खरं सांग."

"साहेब जेवून राह्यले, अक्का. घासात कसं बोलू?"

जेवून समिती देवळाकडे गेली. साहेबराव म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." ते माझ्यावर आडवे झाले. पडलेल्या चेहऱ्याच्या माणसालाही येसराच्या आमटीवर झोप लागते. गोपिकाबाईने दारातून त्यांना पाहिलं, घोरणं ऐकलं आणि सरळ चिंचेखाली गेली. "चला आत. दमानं."

कडूबाई आली ती थेट माझ्याकडे. "भाऊ, सरका जरा. कंबर धरलीय माझी."

साहेबराव झोपेतच सरकले. मग दचकून उठले. खोलीभर गाठोडी, पोरं, वाळत घातलेली धोतरं. "तुम्ही कधी आलात?"

"परवाच आल्तो. सकाळी कुणी मोठे पाव्हणे यायचे व्हते, म्हून झाडाखाली गेल्तो. तुम्हाला बी उठवलं व्हतं का?"

साहेबराव माणसं ओलांडत बाहेर पडले आणि देवळातून समितीला घेऊनच परतले. अध्यक्ष उंबऱ्यातच थांबले. आत पाऊल टाकायला जागा नव्हती.

गोपिकाबाई लगबगीने पुढे आली. "या साहेब, जागा करते. ए, उठा गं."

"बाई," साहेबरावांनी हात जोडले, "कुणालाही उठवू नका."

निवास राहिला, चूल राहिली. आता माझा एक पाय विटेवर आहे आणि कुरकुर वाढली आहे. पर्यटनाला पाठिंबा देणाऱ्या सगळ्या आमदारांना माझं एवढंच मागणं आहे: जरूर या, आमटी खा, आडवे व्हा. फक्त येण्याआधी कळवू नका.